खड्डा बुजवावा, चार्जर बसवावा

मी, चंपतराव सीताराम लांजेवार, वय चौऱ्याहत्तर, धंदा पेट्रोल गाड्यांची दुरुस्ती (आता बंद), राहणार वाडी, अमरावती रोड, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाचं मात्र जुन्या गाडीसारखं झालं आहे, पासिंग झालं तरी भरवसा नाही. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालणार तरी कोण? मुलगा पियूष दोन वर्षं या घरात आलेला नाही.

१. वाडीचं घर अंगणासह पियूषला द्यावं. माझी मुलगी उन्नती हिला बँकेतली मुदत ठेव आणि तिच्या आईचे दागिने. तिला विचारलं होतं, तर म्हणाली, "मले घर नको बाबा, तुम्ही फक्त दादाले बोलवा." मी बोलावलं नाही. तिचा रागावण्याचा हक्क मान्य आहे.

२. हत्यारांची पेटी, दोन्ही जॅक आणि कॉम्प्रेसर विकून येईल ते उन्नतीच्या मुलीच्या शिक्षणाला द्यावं. त्या पेटीत १८-१९ चा रिंग पाना सापडणार नाही. तो रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्या दुर्गेश भोयरने १९९६ साली "अर्ध्या घंट्यात आणतो" म्हणून नेला. त्यावरचा माझा हक्क मी आज सोडतो. दुर्गेश साक्षीदार म्हणून समोरच बसला आहे आणि हे वाचून त्याचे कान लाल झाले आहेत.

३. माझी २००९ सालची पेट्रोल गाडी भंगारात द्यावी. पण तिच्या डॅशबोर्डमधली वही जपून ठेवावी, कारण भांडणाचं मूळ त्या वहीत आहे.

२०२१ च्या दसऱ्याला पियूषने इलेक्ट्रिक गाडी घेतली. सून सोनिका गाडीला ओवाळत होती आणि मी चारचौघांत बोलून गेलो, "ब्याटरी बसली का घर इकाव लागन तुले." पोरगा चिडला नाही. म्हणाला, "बाबा, दहा वर्षाचा खर्च लिहू. ज्याचा जास्त होईन त्यानं हार मानाची." दोघांनी एकसारख्या वह्या घेतल्या. त्याची गाडी घरच्या विजेवर किलोमीटरला सव्वा-दीड रुपयात धावे, माझी सात-आठ रुपये खाई. पण त्याच्या डोक्यावर नव्या गाडीची किंमत होती, विमा जास्त होता. माझ्या गाडीचे पैसे कधीच फिटले होते. दोन वर्षं माझी वही पुढे राहिली आणि येईल त्या पाहुण्याला मी ती वाचून दाखवली.

आता कबुली. त्या वहीत मी लबाडी केली. क्लच प्लेट किराण्याच्या वहीत लिहिली. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग आणि हरित कर भरला, तो कुठेच लिहिला नाही. आणि स्वतःची मजुरी तर धरलीच नाही. मेकॅनिक घरच्या गाडीची मजुरी धरत नाही, ही आमच्या धंद्याची रीत. माझी बायको प्रेमिला, देव तिला सुखी ठेवो, हिने ते बरोबर पकडलं. "हाताचे पैसे काहून नाही लिहिले? दुसऱ्याची गाडी फुकट केली असती का?"

४. अंगणातला खड्डा. गाडीखाली उतरून काम करण्यासाठी तो १९८९ साली मी खणला आणि माती घमेल्याने प्रेमिलाने उचलली. दर रविवारी मी खाली आणि ती वर लाकडी स्टुलावर. हिवाळ्यात कुहीहून तिच्या भावाकडून तुरीच्या शेंगा येत, त्या सोलत ती आठवड्याभराचं सगळं सांगे. मला तिचे पाय आणि पडणारी टरफलं तेवढी दिसत. आता लपवून काय करू? त्यातल्या निम्म्या रविवारी गाडीला काहीच झालेलं नसे. ती विचारी, "गाडी तं चांगली हाय, मंग खाली काय करून राहिले तुम्ही?" मी म्हणे, "आवाज येऊन राहिला वं." तिला ठाऊक होतं. तरी ती स्टूल घेऊन येईच.

तिच्या तेरवीनंतर पियूषने विचारलं, खड्डा बुजवून तिथे चार्जर बसवू का? मी सगळ्या सोयऱ्यांसमोर ओरडलो, "आई गेली, आता तिची जागाबी बुजव!" त्याच महिन्यात तो सोनिकाला घेऊन सदरला भाड्याने राहायला गेला. तिथे तिसऱ्या मजल्यावर खोल्या आहेत, खाली चार्जर नाही. बाहेरच्या चार्जरवर दुप्पट-अडीचपट पैसे पडतात. दोन वर्षांचा तो जास्तीचा खर्च त्याच्या गाडीचा नाही, माझ्या तोंडाचा आहे. तो माझ्या वहीत धरावा.

म्हणून असं ठरवतो. पैजेला अजून सहा वर्षं आहेत, मला तेवढी नाहीत. लपवलेला खर्च धरला, खऱ्या कामाच्या रविवारांची मजुरी धरली, तर मी हरलो. उरलेल्या रविवारांची मजुरी धरू नये, ती मला तेव्हाच मिळत होती. खड्डा बुजवावा, चार्जर बसवावा. स्टूल फेकू नये.

पियूष, मी चुकलो रे. हे तुला मी मेल्यावर कळू नये म्हणून याची एक प्रत दुर्गेश आजच सदरला नेऊन देईल.

सही: चं. सी. लांजेवार
आमच्यासमोर सही केली: दुर्गेश भोयर, कुसुमताई नखाते (शेजारी)
वाडी, नागपूर. रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

पुरवणी

कलम ४ मधलं काम झालं आहे, ते पुन्हा करू नये. मुरमाची एक ट्रॉली लागली. पियूषने स्वतः फावडं मारलं, मला हात लावू दिला नाही. त्याचं आणि सोनिकाचं सामान गेल्या रविवारी सदरहून परत आलं. कलम २ मध्येही एक दुरुस्ती: पाना पेटीत आहे, दुर्गेशने आणून दिला.

आज गाडी चार्जरला लावली होती. मी प्रेमिलाच्या स्टुलावर शेंगांचं टोपलं घेऊन बसलो होतो. पियूष म्हणाला, "बाबा, आत जाऊन पडा ना. इथं काय करून राहिले?"

मी म्हणालो, "गाडीचा आवाज येऊन राहिला."

गाडी चूप उभी होती. पियूषने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसला आणि टोपल्यातल्या मूठभर शेंगा सोलायला घेतल्या.

सही: चं. सी. लांजेवार
साक्षीदार: तेच दोघे
वाडी, अंगणातून. रविवार, १४ डिसेंबर २०२५