मांडीला गुण नाहीत

नाशिक,
रविवार सकाळ

ती. इंदिराताईस सप्तांग नमस्कार. (आठवे अंग डावा पाय. तो तूर्त मोकळा नाही.) तुझी तब्येत बरी असेल. दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना वाईट वाटू नये, पण गुडघा सगळ्यांचाच दुखतो. माझे तसे नाही.

चैत्रात काय झाले ते आमच्या आशाने तुला सांगितले आहेच, पण ते तिच्या बाजूने. (शिडी तीच धरणार होती. चहा उतू गेला.) मालेगावचे यजमान आले होते. त्यांना पणजोबांची सही बघायची होती. वंशावळीच्या वह्या माळ्यावर. मी चढलो, वही काढली, आणि शिडी सरकली. दोन्ही हातांनी शिडी धरली असती तर वाचलो असतो, पण हातात त्यांच्या सात पिढ्या होत्या. वही सोडली नाही. पाऊल आत वळले आणि घोट्याखालून निसटून बाजूला जाऊन बसले. हाड एकही मोडले नाही. यजमानांनी आधी वही घेतली, मग मला उचलले. (सही सापडली. अंगठा होता.)

डॉ. अपूर्वा वयाने तुझ्या तनयएवढी. एक्स-रे पाहून तिचा चेहरा उजळला. "काका, असा पाय मी फक्त पुस्तकात पाहिलाय!" मग तिने तो आणखी चार डॉक्टरांना दाखवला. तीस वर्षे यजमान माझ्या पाया पडत आले, पण इतक्या भक्तीने कोणी नाही. भूल देऊन तिने पाऊल ओढून जागेवर बसवले. शुद्धीवर येताना मी तिला गोत्र विचारले म्हणे. पुढे सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम.

परवा तपासणी झाली. तिच्याकडे प्रश्नांचा एक कागद असतो. किती चालता, जिना चढता का, दुखते का. मला शंभरपैकी ब्याण्णव पडले. "उत्तम निकाल, काका. मी तुमच्यावर लेख लिहिणार आहे." मी विचारले, "मांडीला किती गुण?" तिने कागद उलटसुलट पाहिला. "मांडी यात नाहीच." "मग मी नापास." "अहो, खुर्चीवर बसून सांगा ना पूजा!" ताई, यजमान खाली पिंड मांडतोय आणि मी वर खुर्चीत. ते श्राद्ध वाटत नाही, तहसील कचेरी वाटते. मी म्हटले, लेखात लिही, की रामकुंडावरच्या ज्या भटजीला मांडी घालता येत नाही, तो बरा झालेला नाही. तिने लिहून घेतले. मग म्हणाली, "सहा महिने धीर धरा. जबरदस्ती करू नका."

सहा महिने! पितृपक्ष उद्या लागतो. माझे आसन चैत्रापासून रिकामे आहे. यजमान फोनवर विचारतात, "गुरुजी, बरे आहात ना?" आणि पाठोपाठ, "नाहीतर दुसरं कोणी सुचवा." दुसरे कोणी सुचवायचे नाही, हे मी ठरवले. महिनाभर रोज गरम पाण्याचा शेक, मग पाटावर सराव. आधी पाव मांडी, मग अर्धी. (आशा म्हणते, "पाय आहे तो, पुरणपोळीची कणीक नव्हे.") आज पूर्ण मांडी बसली. उद्या मी घाटावर बसणार. हे तुला सर्वांत आधी कळावे, म्हणून हे पत्र.

तुझा धाकटा भाऊ,
नाना

ता. क. पत्राचा फोटो काढून फोनवर पाठवतो आहे. फोन करू नये. तू ओरडशील.

आणखी ता. क. मांडी साडेनऊला घातली. आता सव्वाअकरा वाजले. ती सुटत नाही. आशा माहेरी चांदवडला गेली आहे. किल्ली शेजारच्या मैनाबाईंकडे आहे. (त्यांना कारण सांगू नकोस, घाटभर होईल.) तनयला घेऊन रिक्षाने लगेच ये. डॉक्टरला कळवू नका, ब्याण्णवाचे कमी करील. दोघांनी मिळून उठवून पाहा. नाहीच उठलो तर ओढाताण नको. उद्या सकाळी असाच उचलून आसनावर नेऊन ठेवा.