तळ्यापलीकडचा सात नंबर

७ ऑगस्ट २००५, रविवार

आजपासून रोजनिशी. झुंबर, तुझ्या खेळात शिस्त नाही, असं कुंदन म्हणतो. माझं तसं मत नाही. पण नोंदी ठेवल्या की सिद्ध करता येईल. दाखवायची मात्र कोणाला नाही.

आज सातव्या होलला बॉल पुन्हा तळ्यात. म्हणजे शेततळंच ते. दिंडोरीच्या अलीकडं द्राक्षबागांच्या मधोमध नऊ होलचा गोल्फ कोर्स केला आणि बुजवायला नको म्हणून तळं तसंच ठेवलं. काळं प्लास्टिक, खाली हिरवं पाणी, तळाशी माझे बॉल.

आमच्या क्लबात एक रीत आहे. सातव्या होलनंतर पत्र्याखाली चहा. तिथं स्कोअर कोणी विचारत नाही. एकच प्रश्न: तळं कोणत्या नंबरनं पार केलं? आयर्नला, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठीला, नंबर असतात. नंबर लहान तसा बॉल लांब जातो. म्हणून जो मोठ्या नंबरनं पार करतो तो ताकदवान. दातांचे डॉक्टर अमित आठ सांगतात. वय बत्तीस, सांगणारच. कुंदन सहा सांगतो. मी आज चहा घेतला नाही, पित्त झालं होतं.

९ ऑगस्ट

कुंदनचा फोन. दसऱ्यानंतरच्या जोडी-कपला या वर्षी अमितबरोबर खेळावं म्हणतोय. सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

कुंदन आणि मी दिंडोरीच्या शाळेत एका बाकावर. त्यानं वकिली केली, मी द्राक्षांच्या खोक्यांचा धंदा. क्लब निघाल्यापासून जोडी-कप आम्ही एकत्र खेळलो. जिंकलो नाही, पण जोडी म्हणजे जोडी. लोक नावंसुद्धा एकत्र घेतात.

गेल्या वर्षी फायनलला सातव्या होलवर माझा फटका तळ्यात गेला हे खरं आहे. पाच नंबर घ्यायला हवा होता, मी सात घेतला. अमित बघत होते. शिवाय वारा होता.

मी कुंदनला सांगितलं, मला दोन महिने दे. तो हो म्हणाला नाही. पण फोनही लगेच ठेवला नाही.

निश्चय: रोज सकाळी साडेपाचला घराजवळच्या गोल्फ क्लब मैदानावर स्विंगचा सराव.

१० ऑगस्ट

साडेपाचला पाऊस होता.

११ ऑगस्ट

गेलो. मैदानाचं नाव गोल्फ क्लब, पण तिथं गोल्फची काठी घेऊन आलेला माणूस कोणी कधी पाहिलेला नसावा. चालणाऱ्या मंडळींनी तक्रार केली. हसण्याचा क्लब चालतो, त्यातले एक काका म्हणाले, काय मारताय, साप का? बाकीचे हसले. ते तसेही हसायलाच आले होते. उद्यापासून गच्चीवर.

१४ ऑगस्ट

मुंबईला जाऊन आलो. खोक्यांच्या कागदाचं काम होतं, असं बायकोला, साधनाला, सांगितलं. नवीन आयर्नचा पूर्ण सेट घेतला. किंमत इथं लिहीत नाही, कारण साधना कपाट आवरते.

दुकानातला पोरगा हुशार. म्हणाला, सर, याचे लॉफ्ट स्ट्रॉंग आहेत. स्ट्रॉंग हा शब्द मला एकदम पटला. मग लॉफ्ट म्हणजे पात्याचा कल, तो कसा सरळ केलाय, त्यामुळे नंबर कसे सरकलेत वगैरे बरंच टेक्निकल सांगत बसला. मी मान डोलावत होतो. गाडी नो पार्किंगला होती.

दुकानात जाळीत सात नंबर मारून पाहिला. मशीनवर अंतराचा आकडा आला तो माझ्या जुन्या पाचचा. दोन नंबरांची ताकद एका दुपारी वाढली. माझ्या अंगात ती होतीच, जुन्या हत्यारांनी अडवून धरली होती.

साधना म्हणाली, जुने होते की. मी म्हणालो, जुने तुझ्यासाठी. ती म्हणाली, मला काय करायचेत. जुने माळ्यावर टाकले.

२१ ऑगस्ट, रविवार. लक्षात ठेवण्याचा दिवस

सातव्या होलला सात नंबर. बॉल तळ्यावरून गेला, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, पडला आणि थांबला. मी वळून पाहिलं नाही. सवयीचं असल्यासारखा चालत गेलो.

पत्र्याखाली अमितनी विचारलं, कोणता? मी बिस्कीट बुडवलं, खाल्लं आणि मग सांगितलं. सात. कुंदनचा कप हातातच राहिला. नवीन काठ्यांची कमाल, असं कोणीतरी म्हणालं. मी सांगितलं, काठी काय, काठी सगळ्यांकडं असते. गच्चीवर घाम गाळतोय.

(गच्चीवर अजून गेलो नाही. ऊन.)

२८ ऑगस्ट

पुन्हा सात. पुन्हा पार. कुंदन म्हणाला, साल्या, तू आयुष्यभर माझ्यामागं एक नंबर होतास, आता एक पुढं गेलास. आवाजात कौतुक होतं. थोडं दुःखही असावं. मला त्याची दया आली.

४ सप्टेंबर

कुंदन आला. जोडी-कपला माझ्याबरोबरच खेळणार. अमितना त्यानं नाही सांगून टाकलं. साधनानं पोहे केले. आम्ही शाळेतल्या गोष्टी काढून इतके हसलो की तिनं टीव्ही बंद केला.

कुंदननं एकच अट घातली. जोडीत बॉल एकच, आळीपाळीनं मारायचा. विषम होलचा पहिला फटका या वर्षी तो मारणार, सम होलचा मी. म्हणजे सातवा होल त्याच्याकडं. गेल्या वर्षीचं मनातून गेलेलं नाही वाटतं. एवढं सिद्ध करूनही. मी मोठ्या मनानं मान्य केलं.

७ सप्टेंबर

गणपती बसले. मोदक. प्रॅक्टिस विसर्जनानंतर.

१९ सप्टेंबर

विसर्जन झालं. दमणूक.

२७ सप्टेंबर

सीझनच्या ऑर्डरी सुरू. एक बागायतदार आला. माल मध्यम आहे, पण खोक्यावर जम्बो छापून द्या म्हणाला. दिलं. छापायला आपलं काय जातं? घेणारा छापलेलं वाचतो, आत कोण मोजतो. धंद्यात एवढं शिकलो.

११ ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी

फार वाईट दिवस.

आज हत्यारांची पूजा. कारखान्यातलं कटिंग मशीन झालं, स्टेपलिंगचं झालं, गाडी झाली. घरी साधनानं पाटावर विळी, कात्री, पाना मांडले आणि माझे नवीन आयर्नही मांडले. मला बरं वाटलं. मग तिनं माळ्यावरून जुने काढले. त्यांनीही इतकी वर्षं साथ दिली म्हणाली, ओळीनं मांडू. तिला नंबराशी कर्तव्य नाही. तिनं उंचीप्रमाणं मांडले, बाटल्या मांडाव्यात तसे.

हळदकुंकू वाहता वाहता म्हणाली, अहो, हे दोन अगदी सारखे आहेत. मी पाहिलं. जुना पाच आणि नवीन सात. उंची सारखी. पाती एकमेकांना टेकवली, कलही सारखा. मधून कागद गेला नसता. मग जुना सहा आणि नवीन आठ. तेही तसेच.

साधना म्हणाली, मग तुम्ही पाचनंच मारताय की, फक्त सात लिहिलंय. आणि झेंडू वाहिला.

मी देवघरासमोर पाटावर बसून राहिलो. दोन महिने. पत्र्याखालचा तो चहा. कुंदनच्या हातात राहिलेला कप. सगळं एका ठशावर.

एवढ्या मोठ्या कंपनीनं असं करावं? पाचावर सात ठोकून विकावा? माणसानं आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? आणि मला कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. फसवलं. सरळसरळ फसवलं. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी दिंडोरीची ऑर्डर, जम्बो. पाठवून दिली.

१२ ऑक्टोबर. दसरा

कुंदनकडं सोनं द्यायला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. आपट्याची पानं हातात दिली, मिठी मारली. तो म्हणाला, या वर्षी कप आपला, तुझ्यामुळं हिंमत आली. वहिनींनी श्रीखंड वाढलं. श्रीखंड खाताना असलं काही सांगणं बरं दिसत नाही.

आणि सांगायचं तरी काय? सातवा होल त्याचा. त्याच्याकडं त्याचे जुने आयर्न, तो त्याचा सहा घेणार, नेहमीसारखा पार करणार. माझ्या सातचा संबंधच येत नाही. विचारांती सांगितलं नाही ते बरोबरच केलं.

१६ ऑक्टोबर, रविवार. जोडी-कप

लिहवत नाही. तरी शिस्त म्हणून.

सहा होल झाले तेव्हा आम्ही अमित आणि त्यांच्या जोडीदाराच्या बरोबरीनं होतो. सातव्यावर सगळा क्लब पत्र्याखाली येऊन उभा. अमितचा बॉल पलीकडं पडला. आता कुंदन. वारा समोरून होता. त्यानं सहा काढला. मग थांबला. माझ्याकडं वळून सगळ्यांदेखत म्हणाला, झुंबर, असल्या वाऱ्यात गेल्या रविवारी तू काय मारला होतास?

एक शब्द बोलायचा होता. पाच. किंवा, माझं धरू नकोस, तू सहाच मार. जोडीदाराला सांगायची मुभा असते, नियमात बसतं. पण पत्र्याखाली चाळीसेक माणसं, अमित हात बांधून उभे. मी म्हणालो, सात.

कुंदन हसला. म्हणाला, तुझा सात जातो तर माझा जाईलच. सहा बॅगेत ठेवला आणि सात घेतला.

फटका सुंदर बसला होता. असा फटका त्यानं वर्षात मारला नसेल. काठावरच्या प्लास्टिकवर पडला, तिथून हळूहळू घसरत पाण्यात गेला. सगळ्यांना दिसेल इतका हळूहळू.

हरलो.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी

पार्किंगमधलं लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे लिहायचं नव्हतं.

मी हातपाय धुवून आलो तर कुंदननं माझ्या बॅगेतून सात काढला होता. स्वतःच्या पाचला टेकवून धरला होता. वकील माणूस. मला म्हणाला, तुला माहीत होतं? मी म्हणालो, कंपनीनं मलाही फसवलंय. तो म्हणाला, ते नाही विचारलं, तुला कधी कळलं? मी म्हणालो, मंगळवारी. तो म्हणाला, मंगळवारी कळलं आणि बुधवारी सोनं द्यायला आलास.

माझा सात त्यानं पुसून पुन्हा बॅगेत ठेवला, आणि चेन लावून दिली. त्याचंच वाईट वाटलं.

पण मित्रानं न विचारता मित्राची बॅग उघडावी का? विश्वासघात तो हाच. आधी कंपनी, मग साधना (पूजा उंचीप्रमाणं मांडायची काय गरज होती?), आता कुंदन. माझ्या बाजूनं विचार करणारं कोणी नाही.

१८ ऑक्टोबर

मुंबईच्या दुकानाला फोन केला. तोच पोरगा. म्हणाला, सर, मी तुम्हाला सांगितलं होतं. मी फोन ठेवला. पुराव्याशिवाय काहीही बोलतात.

२३ ऑक्टोबर

कोर्सवर गेलो नाही. पित्त. कुंदन अमितबरोबर खेळला, असं कळलं.

२ नोव्हेंबर. पाडवा

दरवर्षी पाडव्याला कुंदन आणि मी सकाळी मिसळ खातो. आठ वाजेपर्यंत शर्ट घालून बसलो. साधना म्हणाली, तुम्हीच फोन करा की. मी म्हणालो, चूक त्याची आहे. तिनं विचारलं, कोणती? मी शर्ट काढून ठेवला. घरीच चिवडा खाल्ला.

निश्चय: नवीन आयर्न विकणार. जुन्यांनी खेळणार. कुंदनला पत्र लिहिणार.

५ नोव्हेंबर

पत्र चार वेळा सुरू केलं. दर वेळी कंपनीबद्दलच लिहिलं जातं.

६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी तीनच्या उन्हात एकटाच कोर्सवर गेलो. त्या वेळी कोणी नसतं. थेट सातव्या होलला. जुना पाच आणि नवीन सात, दोनच घेतले होते.

जुन्या पाचनं मारला. पार. नवीन सातनं मारला. पार. पलीकडं जाऊन पाहिलं तर दोन्ही बॉल ग्रीनवर हातभर अंतरावर. वारा नव्हता. असे दोन बॉल शेजारी पडले की कुंदन म्हणायचा, बघ, एका बाकावर बसलेत.

पत्र्याखाली जाऊन बसलो. चहावाला रविवारी दुपारी नसतो. कोणता नंबर, असं विचारायला कोणी नव्हतं. या वेळी खरं सांगणार होतो.

शेजारच्या बागेत भागीबाई वेलींची जादा फूट काढत होती. आमचे तळ्याबाहेर गेलेले बॉल कित्येक वर्षं तीच आणून देते. बांधावर येऊन म्हणाली, दोन बॉल पडले म्हून म्हनलं जोडी आली. दुसरे सायेब कुठं हायेत? लय दिवस दिसले नाय.

मी म्हणालो, मागून येतोय.

ती बरं म्हणाली आणि तिथंच बांधावर टेकली, रस्त्याकडं बघत. त्यामुळं मलाही थोडा वेळ थांबावं लागलं.