लाल पेन
शनिवार, संध्याकाळ

सुरेखावर चिडले आज. आता स्वतःवरच चिडतेय.

चार महिने ती माझ्याकडे शांती नगरला इंग्रजी ग्रामर शिकायला येतेय, मुलीच्या शाळेत टीचरशी बोलता यावं म्हणून. सुरुवातीला तिची वही लाल पेनाने भरून जायची. आता चूक शोधून सापडत नाही. आज शाळेत पालकांची मीटिंग होती, तिथून ती थेट माझ्याकडे आली.

"काय बोललीस?"

"काहीच नाही, मॅडम."

मुलगी वर्गात गप्प का बसते, एवढंच विचारायचं होतं तिला. पण ती मनात वाक्य तपासत राहिली आणि टीचरने पुढच्या पालकांना बोलावलं.

"अगं, टीचरला मराठी येत नाही, तर मग हिंदीत विचारायचंस. भाजीवाल्याशी भांडतेस ना हिंदीत?"

"तुम्हीच म्हणता, चुकीचं बोलण्यापेक्षा आधी विचार करावा."

म्हणते मी. रोज म्हणते. तिने तोंड उघडायच्या आत माझं लाल पेन उघडलेलं असतं. कसली टीचर मी?

मग तिने वही पुढे केली. येताना रिक्षात ते वाक्य लिहून काढलं होतं तिने. "बघा ना, बरोबर होतं का?"

बरोबर होतं. अगदी प्रश्नचिन्हासकट. पण बरोबरची खूण करायला हात उचलेना.

माझ्या हातातल्या पेनाकडे बघून म्हणाली, "मीपण हेच घेतलंय, मॅडम. मुलीचा अभ्यास घेताना बरं पडतं."