पांढऱ्या कोंबडीचं पीस

प्रोव्हान्सहून, नोव्हेंबर १८२६

आई, तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

मास्तर झालो! वाचता येतं हे कळावं म्हणून टोपीत पीस खोवून मास्तर नेमायच्या जत्रेत उभा राहिलो. सपाटीवरच्या एका गावचा कारभारी नाक दाबून म्हणाला, "शेणाचा वास येतोय! तुमच्या शाल्वेतच्या डोंगरावर गवत उगवेना, अक्षरं कुठून उगवणार?"

मी म्हटलं, "अर्धं वर्ष बर्फात कोंडलेली माणसं आम्ही. गोठ्यात गाईंच्या उबेला बसवून आईनं शिकवलंय." त्याच्याच हातातलं वर्तमानपत्र घडाघडा वाचून दाखवलं. त्यानंच मला ईस्टरपर्यंत ठेवलंय, जेवणासकट!

बुटात जरा पाणी शिरतं, पण शाळेत शेकोटी आहे म्हणे. गाईंना गवत पुरेल ना? बाबांचा गुडघा?

राजहंसाची पिसं खोवलेले मास्तर अजून जत्रेतच उभे आहेत. काहीही झालं तरी पांढऱ्या कोंबडीला यंदा कापू नका. तिचं पीस नोकरीला लागलंय!

तुझा मास्तर,
ओनोरे