फुग्याचा वास

प्रिय ठकू,

फुग्याची पहिली आंघोळ मला नेमकी केवढ्याला पडली ते आधी ऐक. चार टॉवेल, त्यातले दोन तुझी आई नंतर फरशी पुसायलाही घेईना. माझी एक चांगली पँट. नवी साबणदाणी. डाव्या मनगटावर तीन ओरखडे आणि तुझ्या आईचं माझ्याशी बोलणं, दीड दिवस. एवढं सगळं होऊन महाराज बाथरूममधून बाहेर आले तेव्हा त्यांना पूर्वीचाच वास येत होता, वर थोडा लिंबाचा.

तू नेहमी म्हणायचीस, "बाबा, त्याचा स्वतःचा एक वास आहे." एक? अगं, त्या एवढ्याशा पग कुत्र्यामध्ये वासांचं अख्खं बिऱ्हाड राहतंय. नाकावरच्या घडीत बोट घातलं की तपकिरी, लोण्यासारखं काहीतरी बोटाला लागतं आणि ते बोट मग दिवसभर आपलं वाटत नाही. कानांना आंबलेल्या पिठाचा वास. शेपटीचं ते वेटोळं दिसायला गोड, पण त्याखाली एक खळगा आहे आणि त्यात काय साठतं ते मी तुझ्या आईलाही सांगितलं नाही. बूड घासत सतरंजीवरून चालला की मागे सडक्या मासळीची रेघ. तोंड उघडून हसला की आपण तोंड फिरवायचं. आणि वारा सोडतो तर असा, की सोडून झाल्यावर वळून माझ्याकडे बघतो. परवा शेजारचे मास्तर बसले होते, तेव्हाही माझ्याकडेच बघितलं. मास्तरांनीही बघितलं. तुझ्या आईनेसुद्धा.

तुला माहीत आहे, मला वासाचं भय नाही. जिन्याखाली एक टेबल आणि एक इस्त्री घेऊन बसलो तेव्हापासून लोकांचे घाम, उलट्या, औषधं, लपूनछपून ओढलेल्या सिगारेटी सगळं नाकाखालून गेलंय. शर्टाच्या कॉलरवरून माणूस घरी काय खोटं बोलतो ते मी सांगू शकतो. म्हणूनच मागच्या महिन्यात तुमच्याकडे जेवायला आलो, जावईबापूंनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "बाबा, तुम्हीच सांगा, माणसांच्या घरात असा वास असावा का?" तेव्हा मी छाती फुगवून बोललो. म्हटलं, "नसावा. बरोबर आहे तुमचं. द्या माझ्याकडे महिनाभर. असा करून देतो की तो खोलीत आहे की नाही हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही. आजवर असा एक वास झाला नाही जो माझ्या लाँड्रीतून गेला नाही!" ते हसले, मीही हसलो. तू तेव्हा टेबलावरची ताटं उचलत होतीस. माझे तिखट कान तुला ठाऊक आहेत. स्टीलची सहा ताटं एकावर एक ठेवलीस आणि एकाचाही आवाज झाला नाही. इतकं जपून कोण ताटं उचलतं स्वतःच्या घरात, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी कुत्रा काखोटीला मारला आणि निघालो.

घरी आणल्यावर मी त्याला कापडासारखा हाताळला, दुसरं काय येतं मला? दुकानातली पावडर, कोमट पाणी, रोज सकाळी एक धुणं. पहिल्या दिवशी नाही निघालं, दुसऱ्या दिवशी जास्त पावडर. तिसऱ्या दिवशी मऊपणासाठी घालतो ते द्रावण. टॉवेलने वरवर टिपून पंख्याखाली बसवायचा. पाचव्या दिवशी त्याची कातडी लाल झाली, पोटावर कोंडा दिसायला लागला आणि वास तर असा वाढला की तुझी आई म्हणाली, "आता एक तर हा राहील नाही तर मी, आणि माझं सामान जास्त आहे, तेव्हा त्याचंच बघा." मी सहाव्या दिवशी पुन्हा बादली भरली. हट्ट म्हण. कापड डाग सोडत नसेल तर दोष कापडाचा, असं इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

नेमके तेव्हाच आपले इस्त्रीवाले काका घरी दुकानाच्या किल्ल्या द्यायला आले. त्यांनी दारातच वास घेतला आणि म्हणाले, "शेठ, हा कुत्र्याचा वास नाही. हा आपला वास आहे." मला राग आला. ते खाली बसले. कॉलर वाळली का बघायला हाताची मागची बाजू लावतात ना, तशी त्यांनी फुग्याच्या नाकावरच्या घडीत लावली. मग मानेच्या, मग काखेतल्या. "ओलं आहे," म्हणाले, "सगळीकडे ओलं आहे. घडीत पाणी ठेवलंय तुम्ही." ठकू, मला फरशीत गडप व्हावंसं वाटलं. दमट कपड्याची घडी घालू नका, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. तिन्ही दुकानांच्या भिंतींवर लिहून ठेवलंय. एक दमट चादर कपाटभर कपडे कशी नासवते ते दाखवायला मी एक नासकी चादर मुद्दाम जपून ठेवली आहे. आणि इथे मी जिवंत प्राण्याच्या वीस घड्या रोज भिजवून तशाच मिटवत होतो, आणि वास येतो म्हणून पुन्हा भिजवत होतो.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या पहिल्यांदा माझ्यावरच खेकसल्या. "याला रोज धुता? स्वतःला घाला बघू रोज कपड्याच्या पावडरने आंघोळ!" मग हातमोजे चढवून त्यांनी त्याच्या बुडाशी कुठली तरी गाठ दाबली. त्यातून जे निघालं त्याचं वर्णन पत्रात नको, पाकीट वाटेत परत पाठवतील. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कानात जुना बुरशीचा त्रास आहे म्हणाल्या, औषध दिलं. आता आमचं असं चाललंय: आंघोळ महिन्यातून एकदा, त्याच्याच शॅम्पूने. नाकाच्या घड्या रोज ओल्या फडक्याने पुसायच्या आणि लगेच कोरड्या फडक्याने, अगदी तळापर्यंत. शेपटीखालीही तसंच. ते काम माझ्याकडे आहे, तुझ्या आईने चिठ्ठ्या टाकल्या आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर माझंच नाव लिहिलं होतं. कानात थेंब, दातांना ब्रश, अंथरूण दर चार दिवसांनी धुवायचं, ताटातलं उरलंसुरलं बंद. ते शेवटचं केल्यापासून त्याचं वारा सोडून माझ्याकडे बघणं कमी झालंय. कातडीही बरी आहे. पण खरं सांगतो, घडी पुसताना अजून मी तोंडाने श्वास घेतो आणि मनात हिशेब म्हणतो.

आता जे सांगायचं ते. गुरुवारी जावईबापू आले होते. घरी नाही, नव्या दुकानात. तिसरं दुकान उघडून तीनच आठवडे झालेत, भिंतींचा रंगसुद्धा अजून पुरता वाळलेला नाही, आणि फुग्याने तिथे पाऊल ठेवलेलं नाही. त्या वेळी तो तुझ्या आईबरोबर डॉक्टरीणबाईंकडे होता. मी खुर्ची दिली. त्यांनी ती रुमालाने पुसली, बसले, तोच रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "बाबा, रागावू नका, पण अजून येतोच आहे हो कुत्र्याचा वास." मला वाटलं, ऐकू या. ते अगदी गोड आवाजात बोलत होते. "खरं तर तुमच्याकडे सगळ्यांनाच तो चिकटलाय. साबणाचा, वाफेचा, दुसऱ्यांच्या कपड्यांचा. हिच्या केसांनाही येतो. मी सांगतो हिला, पुन्हा धू. हात धुऊन ये, मग ताट वाढ. धुते बिचारी, ऐकते." आणि हसले. मीही हसेन म्हणून थांबले.

तू फोन करतेस तेव्हा मागे नळ चालू असतो. सकाळी असतो, दुपारी असतो, संध्याकाळी असतो. मी तुझ्या आईला म्हणायचो, मुलगी कामाची आहे, फोनवरसुद्धा हात रिकामे नसतात. परवा तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, गेल्या खेपेला भेटलीस तेव्हा तुझ्या बोटांची सालं निघाली होती आणि तू हात पदराखाली घेतलेस. तिने मला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुमच्याकडून निघाल्यापासून मी जावयाच्या बाजूनेच बोलत होतो. किळस मला आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांची आली, कुत्र्याची आली. गुरुवारी त्या गोड आवाजाची आली, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या दिवशीच्या हसण्याची. तो विचारत होता कुत्र्याबद्दल, बोलत होता तुझ्याबद्दल, आणि तुझा बाप, सगळं ऐकू येणारा, म्हणाला की बरोबर आहे तुमचं.

म्हणून हे पत्र. फोनवर तुझा नळ चालूच असतो आणि घरी पत्र त्यांच्या हाती पडेल, म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, डब्यासोबत घरी नेऊ नकोस. त्या दिवशी तुझ्या घरात, तुझ्यासमोर मी जे बोललो ते चुकीचं होतं. तुझ्या अंगाला कसलाही वास येत नाही, कधी येत नव्हता. हे मी बाप म्हणून नाही, नाकाचा धंदा करणारा माणूस म्हणून लिहून देतो. पाकिटात आपल्या घराची किल्ली आहे, तुझ्या खोलीतले कपड्यांचे गठ्ठे मी हलवलेत. यायचं की नाही, कधी, किती दिवसांसाठी, ते तूच ठरव. कोणी काही विचारणार नाही, तुझ्या आईला मी बजावलंय आणि तिने मला. तिकडेच राहायचं ठरवलंस तर तसं सांग, मी येऊन त्यांच्याशी बोलेन, या वेळी न हसता. फुग्याला मात्र मी परत पाठवणार नाही, महिना झाला तरी. जावईबापूंना काय सांगायचं ते मी बघतो. तुला खरं सांगायला हरकत नाही: फडकी, थेंब, ब्रश, शॅम्पू सगळं करूनही त्याला वास येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येणारच, कुत्रा आहे.

तुझाच,
बाबा