हिरवं होईपर्यंत

२ फेब्रुवारी
लेक दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला गेली. मागे तिचा चार फुटी फिश टँक. चौदा मासे, सहा गोगलगायी, पाणवनस्पतींचं रान. चार वर्षं जपलंय. सूचना दिल्या आईला. बावीस वर्षं कारखान्यात बोल्ट तपासून पास-नापास करणारा बाप समोर बसलेला असताना. आणि सूचना तरी काय? आठवड्याला बादलीभर नळाचं पाणी बदला, बाकी काही करू नका. याला सूचना म्हणतात?

५ फेब्रुवारी
काचेवर पांढरा थर. म्हणजे पाण्यात क्षार जास्त. म्हणजे हार्डनेस. कुणाच्या लक्षात आलं? माझ्या. दुकानातून टेस्ट किट आणलं. नळीत टँकचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब मोजून टाकायचे. नारिंगीचं हिरवं झालं की थांबायचं. जितके थेंब तितका हार्डनेस. सहा असला की उत्तम.

६ फेब्रुवारी, सकाळी ७
एकोणीस थेंब टाकले. रंग जिथल्या तिथे. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, अहो, सहाव्यालाच हिरवं झालं की. मी म्हटलं, तुला चष्मा लागलाय. तर म्हणे, तो वाचायला लागलाय. प्रत्येक गोष्टीत तोंड घालायचंच.
नोंद: एकोणीसच्या वर. भयंकर. लेकीने चार वर्षं मासे दगडाच्या रसात ठेवले.
निश्चय: महिन्याभरात सहावर आणणार.

७ फेब्रुवारी
स्वयंपाकघरातल्या फिल्टरच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. अर्धा टँक उपसून ते भरलं. प्यायला पाणी नाही म्हणून हिने आदळआपट केली. ध्येय कळायला डोकं लागतं.

११ फेब्रुवारी
पुन्हा अर्धा टँक. टेस्ट: वीस थेंब, बदल नाही. हे क्षार आहेत की सिमेंट?

१५ फेब्रुवारी
दोन मासे गेले. वय झालं असणार. ही म्हणते, पानं पिवळी पडलीत. मला तर होती तशीच दिसतात. खोड काढायची सवयच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. फोन मीच घेतला. पाणी कंट्रोलमध्ये आहे म्हटलं. मासे किती आहेत म्हणाली. म्हटलं, ते एका जागी उभे राहत नाहीत, मोजणार कसे? मग म्हणाली, आईला द्या.
चीड आली. बापावर एवढा अविश्वास.

२० फेब्रुवारी
नळीतलं पाणी घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्यासमोर टेस्ट केली आणि एका थेंबावर थांबला. म्हणाला, काका, यात क्षार उरलेच नाहीत, गोगलगायींची कवचं विरघळतील. लगेच क्षारांची पुडी पुढे केली. आलं लक्षात. त्याला तोंडावर सांगितलं, मी तपासणीतच केस पांढरे केलेत. शिवाय त्याच्या दुकानात उजेड धड नाही.

२३ फेब्रुवारी
आणखी चार मासे. गोगलगायींच्या कवचांना भोकं. दुकानदाराने मुद्दाम रोगट माल विकला असावा. पण हा माल चार वर्षांपूर्वीचा. तरी असावा.
आता पूर्ण टँक फिल्टरच्या पाण्याने भरणार. अर्धवट उपाय करूनच ही पाळी आली.

२४ फेब्रुवारी
भरला. ही दिवसभर बोलली नाही. शांतता बरी वाटायला हवी होती.

१ मार्च
लेक न कळवता आली. हिनेच बोलावलं. घरातच फितुरी.
बॅग खांद्यावर तशीच ठेवून तिने मासे मोजले. पाच. गोगलगाय एकही नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ओरडली नाही. नळी भरून माझ्या हातात दिली, म्हणाली, बाबा, टेस्ट करा.
मी पहिला थेंब टाकला. दुसरा टाकणार तोच मायलेकी एकदम म्हणाल्या, झालं हिरवं.
मी नळी खिडकीशी धरली. दिव्याखाली धरली. ती होती तशीच होती.
म्हटलं, किट खराब आहे.
लेक माझ्या शेजारी खाली बसली. म्हणाली, बाबा, लहानपणी माझ्या चित्रातली झाडं तुम्ही रंगवून द्यायचात. सगळी तपकिरी, पानंसुद्धा. बाई विचारायच्या, तर मी सांगायचे की आमच्याकडची झाडं वाळलीत.
मी म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही इतके मन लावून रंगवायचात.
मग उठून नळाखाली बादली लावली.

१ मार्च, संध्याकाळी
त्यातलं एक चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलेलं आहे. आत्ता जवळ जाऊन नीट पाहिलं.
झाड अगदी व्यवस्थित आहे.