आतड्याचं अस्तर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केलाय असं धरून चाल.) तुझी तब्येत ठणठणीत असल्याचं तू कळवलंस, म्हणजे असणारच. तू कशाला खोटं लिहिशील?

माझं म्हणशील तर पंधरवड्यापूर्वी डॉक्टरीणबाई माझ्या मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून फिरून आल्या. सहा महिने शौचातून रक्त जात होतं आणि मी मूळव्याध, मूळव्याध म्हणत अंगावर काढत होतो. शेवटी तुझ्या भावजयीनं कान धरून नेलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषधाचं पाणी प्यायचं होतं. दोन तास काहीच होईना, म्हणून मी शहाणा दुकान उघडून बसलो. एका वकीलसाहेबांच्या छातीचं माप घेता घेता असं काही निकडीचं बोलावणं आलं, की टेप त्यांच्या अंगावरच टाकून पळालो. वीस मिनिटांनी परतलो (मध्ये दोनदा अर्ध्या वाटेतून माघारी फिरून), तर साहेब हात वर करून तसेच उभे! भल्या माणसाला वाटलं, मापाची नवी पद्धत असेल.

तपासणीनंतर बाई म्हणाल्या, आतड्याच्या अस्तरावर मोड आला होता, काढून टाकला. अस्तर म्हटल्यावर मी गप्प बसतोय होय? चाळीस वर्षं कोटांना अस्तरं लावतोय. विचारलं, जुनं झालं की बदलता येतं का? म्हणाल्या, ते आपलं आपणच बदलतं. चार-पाच दिवसांत जुन्या पेशी झडून नव्या येतात. (आणि मी गिऱ्हाइकाला महिन्याचा वायदा देतो!) पण एखाद्या जागी पेशींना थांबायचं कळत नाही, त्या वाढतच सुटतात. तिथं मोड येतो, आणि काही मोडांचा वर्षानुवर्षांनी कॅन्सर होतो. माझ्या मोडाचा काल रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण त्या वाटेला लागला होता. ऐकून दवाखान्यातच रडलो मी.

बाकी क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. : भाऊजींवर चिडू नकोस. तुझ्या रक्ताचं त्यांनीच सांगितलं. तूही मूळव्याधच म्हणतेस म्हणे. बाबाही शेवटपर्यंत तेच म्हणत होते.

ता. क. २ : सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायचंच, असं बाईंनी बजावलंय. मंगळवारी सकाळी तुझा नंबर लावलाय. रविवारी न्यायला येतो. झाप, शिव्या घाल, वाटेत बोलू नकोस, पण चल. मला झापणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.